४०३ मूळ संख्या आहे का? पिनकोडवरूनच शिकवा

आपल्या गोव्याचे सगळे पिनकोड ४०३ ने सुरू होतात, पणजी ४०३००१, म्हापसा ४०३५०७, तर पोरांना मूळ संख्या शिकवायला हाच आकडा घ्या. बघितल्यावर वाटतं मूळच असणार. २ ने जात नाही, अंकांची बेरीज ७ म्हणून ३ नेही नाही, शेवटी ० किंवा ५ नाही म्हणजे ५ पण गेला, ७ ने ४ उरतात, ११ ने ७. इथेच बहुतेक पोरं कंटाळून "मूळ आहे" लिहून मोकळी होतात. थांबू नका, १३ बघा: १३ त्रिक ३९ म्हणजे १३ × ३० झाले ३९०, वर अजून १३, झाले की ४०३! म्हणजे १३ × ३१, आणि विभाजक चारच, १, १३, ३१, ४०३.

कुठवर तपासायचं? २० चा वर्ग ४००, २१ चा ४४१, म्हणून २० पर्यंतच्या मूळ संख्या बास, त्यापुढचा विभाजक असलाच तर त्याचा जोडीदार २० च्या आत सापडलेला असतोच. ९, १५ वगैरेंनी भागत बसणं फुकटचं काम, ३ ने जात नाही तर ९ ने कुठून जाणार. आता ४०१ घरी करून बघा, १९ पर्यंत कोणीच लागत नाही, तो खरंच मूळ.