म्हातारी उडवा, मग पाऊल टाका

सकाळचे पावणेदहा. स्प्रूसच्या, म्हणजे सूचिपर्णी झाडांच्या दाटीत, चढावर, पंचवीस यार्डांवर एल्कचा नर उभा. शिंगं दिसत होती, मानेवरची गडद आयाळ दिसत होती, छाती मात्र बुंध्याआड. त्याने अजून दोन पावलं टाकायची आणि मी धनुष्याची दोरी ओढायची, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात घामाने भिजलेल्या कॉलरच्या वर, मानेला गार झुळूक लागली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! त्याने मान वर केली, आणि पुढच्या क्षणी फांद्या मोडल्याचा आवाज धारेकडे चढत गेला.

तो माझा अमेरिकेतल्या कोलोरॅडोतला तिसरा सप्टेंबर. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ, नर तीनशे किलोंच्या घरातला. त्याच्या डोळ्यांना चकवता येतं, कानांना तर आपणच साद घालून बोलावतो. नाकापुढे मात्र काही चालत नाही. म्हणून या लेखात धनुष्य कमी आणि हवा जास्त आहे.

कागदपत्रं आधी उरकू. आपल्याकडे १९७२च्या कायद्यापासून शिकार बंद आहे. इथे ती परवान्यावर, मोजून मापून चालते. धनुष्याचा हंगाम साधारण सप्टेंबरभर. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारी प्रशिक्षणाचं कार्ड लागतं. सोडतीच्या परवान्यांसाठी अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते, म्हणजे डोंगरावर बर्फ असतानाच सप्टेंबरचं ठरवावं लागतं. धनुष्याची ओढ किमान ३५ पौंड, बाणाचं पातं किमान ७/८ इंच रुंद. बऱ्याच भागांत नराच्या एका शिंगाला निदान चार टोकं हवीत, नाहीतर कपाळालगतचं टोक पाच इंचांचं हवं. त्या वर्षीची पुस्तिका स्वतः वाचा. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. महिन्याच्या मध्यावर ठासणीच्या बंदुकवाल्यांचेही काही दिवस असतात. त्या दिवसांत मी नारंगी टोपी घालतो. एल्कला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही आणि मला घरी परत जायचं असतं.

सरावाबद्दल एकच सांगतो. सपाट मैदानात उभं राहून शंभर बाण मारण्यापेक्षा रोज एक बाण मारा, पाठीवर पिशवी घेऊन, गुडघ्यावर बसून, उतारावरून. दिवसाचा पहिला बाण कुठे लागतो तेवढंच खरं, कारण जंगलात तो एकच मिळतो. जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात ज्या अंतरावरून एकही बाण चुकत नाही, ती तुमची हद्द. माझी ३५ यार्ड आहे. मला ती सांगताना लाज वाटत नाही.

आता हवा. डोंगरातली हवा दिवसातून दोनदा कूस बदलते. रात्री थंड झालेली हवा जड होते आणि घळींतून, ओढ्यांतून पाण्यासारखी खाली वाहते. ऊन उतारावर पडलं की ती तापून वर चढू लागते. संध्याकाळी उतार सावलीत गेला की पुन्हा खाली. पहाटे एल्क खालच्या कुरणातून चरून वर, उत्तरेकडच्या उतारावरच्या दाट झाडीत बसायला निघतात. तेव्हा हवा त्यांच्या तोंडावर येत असते. म्हणून पहाटे त्यांच्या खालून किंवा आडव्या अंगाने मागे लागायचं. पण नऊ-दहाच्या सुमारास हवा फिरते, आणि जो शिकारी अजून खालीच आहे त्याचा वास थेट वर पोचतो. माझं त्या दिवशी नेमकं हेच झालं. आता मी साडेआठलाच पाठलाग सोडतो, लांबून वळसा घालून त्यांच्या वर जातो आणि हवा नीट वर वाहू लागेपर्यंत गप्प बसतो. ती धड खाली ना धड वर असते, तो तास-दीड तास हलायचंच नाही. डबा खायला तीच वेळ बरी.

हवा बघायला बाजारात पावडरची डबी मिळते. ती दोन हातांपुरतं सांगते. मी मिल्कवीडच्या बोंडातली म्हातारी वापरतो. ही मिल्कवीड आपल्या रुईच्याच कुळातली, बोंडही तसंच, आतला रेशमी कापूसही तसाच. शरद ऋतूत रस्त्याकडेची सुकलेली बोंडं गोळा करून ठेवतो आणि पुढच्या हंगामात वापरतो. चिमूटभर तंतू सोडला की तो तीस-चाळीस यार्ड तरंगताना दिसतो. एकदा माझी म्हातारी समोर गेली, एका पडलेल्या ओंडक्यापाशी थबकली, तिथून डावीकडे घळीत वळली आणि खाली बुडाली. पावडरने मला फक्त ‘समोर’ एवढंच सांगितलं असतं. दर पन्नास पावलांवर एक उडवा. ती जिथे जाते तिथे तुमचा वास आधीच पोचलेला असतो.

जागा शोधताना नकाशावर तीन गोष्टी जवळजवळ बघा: कुरण, पाणी आणि उत्तर उतारावरची सपाटी. नऊ ते अकरा हजार फुटांत, जिथे अ‍ॅस्पेन संपून स्प्रूस आणि फर सुरू होतात, तिथे फिरा. पहिले दोन दिवस मात्र हळू, उंची लागली तर डोकं फुटायची वेळ येते. माग ताजा आहे का, हे बोटाने कळतं. शिंगं घासलेल्या बुंध्यावर डिंक ओला असेल, सोललेली साल वाकवली तर मोडत नसेल, तर काम ताजं. लोळणीतलं पाणी गढूळ असेल तर नर नुकताच उठून गेलाय. आणि वास! माजावरच्या नराच्या मुताचा वास गोठ्यासारखा उग्र असतो. तो आला म्हणजे वारा तुमच्या बाजूने आहे, थांबा.

सादेचं वेड बहुतेकांना फार असतं. नराची हाक खर्जात सुरू होते, सनईसारखी चढते आणि शेवटी गुरगुरत खुक्-खुक् करते. ती ऐकली की हात शिवशिवतात, आपणही साद घालायची नळी काढून उत्तर देतो. माद्या घेऊन फिरणारा नर अशा वेळी बहुधा भांडायला येत नाही, माद्या हाकत निघून जातो. त्याला आव्हान द्यायचं तर आधी गुपचूप शंभर यार्डांच्या आत शिरा. महिन्याच्या सुरुवातीला मादीची हलकी म्याँव पुरते; नरासारखी हाक वीस तारखेच्या आसपास, माज भरात असताना जास्त चालते. जोडीदार असेल तर साद घालणारा मागे पन्नास यार्डांवर आणि धनुष्यवाला पुढे, म्हणजे आवाज शोधत येणारा नर धनुष्यवाल्याजवळून जातो. एकटे असाल तर साद घालून निदान पाऊण तास जागा सोडू नका. तरुण नर चोरासारखा, न बोलता येतो. मी उठून पिशवी पाठीवर टाकताना असे दोन घालवलेत.

दोरी ओढायची ती त्याचं डोकं झाडामागे गेल्यावर. बाण सोडायचा तो आडवा किंवा किंचित पाठमोरा असताना, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. चालत असेल तर एक म्याँव केली की थांबतो. समोरून रोखून बघत असेल तर मी बाण सोडत नाही. कितीही जवळ असला तरी.

मग बसा. घड्याळ बघा आणि तो शेवटचा कुठल्या झाडापाशी दिसला ते झाड डोळ्यांत धरून ठेवा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. अर्ध्या-पाऊण तासाने निघा. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत. चार-पाच तास थांबा. बाणाला हिरवट घाण किंवा आंबूस वास असेल तर बाण पोटात गेलाय. आठ तास तरी जवळ जायचं नाही. जखमी जनावर उठवलं तर ते मैलोन्‌मैल जातं, आणि मग ते तुम्हालाही मिळत नाही.

सापडला की आधी टॅग, म्हणजे परवान्याची चिठ्ठी, मग सुरी. पोट न फाडता काम होतं: कण्यावरून चामडं कापायचं, पुढचा पाय खांद्यापासून सोडवायचा (तिथे हाडाचा सांधा नसतो, नुसते स्नायू असतात), मागचा खुब्यातून, मग पाठीच्या पट्ट्या आणि मान, आणि कूस बदलून पुन्हा तेच. आतल्या पट्ट्या विसरू नका. चारही पाय आणि पाठीच्या पट्ट्यांबरोबर त्याही नेणं कायद्याने बंधनकारक आहे. घाई करा. रात्री दहाला, हवा गोठायच्या बेतात असताना, मी एकदा मांडीच्या सांध्यात बोटं घातली होती. आत अजून चहाच्या कपाएवढं गरम होतं. मांस तिथूनच नासायला लागतं. सुती पिशव्यांत भरून, सावलीत, चहूबाजूंनी वारा लागेल असं टांगा.

हाडं काढूनही दोनशे पौंडांच्या आसपास मांस भरतं. गाडी दोन मैलांवर असेल तर पन्नास पौंडांच्या चार खेपा, म्हणजे चौदा मैल, त्यातले आठ ओझ्याने. बाण सोडायच्या आधी हे गणित करा, नंतर ते बदलत नाही. मांस आधी, शिंगं शेवटच्या खेपेला. पिशव्या उरलेल्या सांगाड्यापासून शंभर यार्ड तरी लांब टांगा, कारण काळ्या अस्वलांनाही नाक असतं. परत येताना दुरूनच मोठ्याने आवाज करत या. मी पाढे म्हणत येतो. एकोणतिसाच्या पाढ्यात हमखास अडकतो, पहिल्यापासून सुरू करतो आणि तोवर पिशव्या दिव्याच्या उजेडात दिसायला लागतात.