जुळ्यांच्या मेंदूलहरींचा अभ्यास : नाशिक परिसरातील नव्या संशोधकांसाठी

एकबीजी (एकाच फलित बीजापासून झालेल्या) जुळ्यांचे ईईजी आलेख, म्हणजे टाळूवर इलेक्ट्रोड लावून टिपलेले मेंदूलहरींचे आलेख, शेजारी शेजारी ठेवले, की डोळे मिटल्यावर उमटणाऱ्या अल्फा लहरींमधील साम्य पाहून कोणीही थक्क होतो, आणि या विषयाकडे येणारे बरेचसे विद्यार्थी त्या साम्यामुळेच येतात; परंतु आनुवंशिकतेचा निष्कर्ष खऱ्या अर्थाने तोलून धरतात ती द्विबीजी जुळी, म्हणजे दोन वेगळ्या बीजांपासून झालेली आणि इतर भावंडांइतकेच जनुकीय साम्य असलेली. समजा, अल्फा लहरींच्या तीव्रतेचा सहसंबंध (जोडीतील दोघांमधील साम्याचे माप) एकबीजी जोड्यांत ०.८५ आणि द्विबीजी जोड्यांत ०.४५ आला, तर या फरकाची दुप्पट, म्हणजे ०.८०, हा आनुवंशिकतेचा ढोबळ अंदाज होय. द्विबीजी आकडा ०.६५ असता, तर तोच अंदाज ०.४० वर उतरला असता.

म्हणूनच जोडीचा प्रकार ठरवताना सर्वाधिक काळजी घ्यावी. "डॉक्टरांनी दोन वारा (प्लासेंटा) सांगितल्या होत्या, म्हणजे ही वेगळीच," असे आईवडील खात्रीने सांगतात. प्रत्यक्षात सुमारे एकतृतीयांश एकबीजी जुळ्यांचीही वार स्वतंत्र असते. त्यामुळे जोडीतील दोघे एकाच लिंगाचे असल्यास डीएनए चाचणी करावीच. एकबीजी जोड्या चुकून द्विबीजी गटात गेल्या, तर त्या गटाचा सहसंबंध फुगतो आणि आनुवंशिकता प्रत्यक्षाहून कमी दिसते.

निफाड-दिंडोरीकडील कुटुंबांना द्राक्षतोडणीच्या दिवसांत बोलावू नये. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुऊन, तेल न लावता येण्यास आवर्जून सांगावे, कारण तेलकट टाळूवर इलेक्ट्रोडचा संपर्क नीट होत नाही आणि एकाच भावंडाचा आलेख खराब झाला, तरी संपूर्ण जोडी गाळावी लागते. मुले अल्पवयीन असल्यास पालकांची लेखी संमती आणि त्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आवश्यक असते.

नेदरलँड्समधील किशोरवयीन जुळ्यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात अल्फा लहरींच्या तीव्रतेची आनुवंशिकता सरासरी ८९ टक्के आढळली. याचा अर्थ एखाद्या मुलाच्या लहरींचा ८९ टक्के भाग जनुकांनी घडवला, असा मुळीच नाही. त्या समूहातील व्यक्तीव्यक्तींमधील फरकापैकी तेवढा वाटा जनुकीय फरकांशी निगडित होता, एवढेच त्यातून कळते. शिवाय कवटीची जाडीसुद्धा अंशतः आनुवंशिक असते आणि टाळूवर मोजलेल्या तीव्रतेवर तिचा परिणाम होतो, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

गणितासाठी 'आर' ही संगणकभाषा आणि तिच्यातील 'ओपनएमएक्स' हे जुळ्यांच्या आकडेवारीच्या विश्लेषणासाठी वापरले जाणारे पॅकेज शिकून घ्यावे. स्वतःच्या जोड्या जमेपर्यंत अमेरिकेतील 'ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट'च्या माहितीसाठ्यावर हात बसवता येतो, कारण त्यात जुळ्यांच्या मेंदूचे एमआरआय आहेत. मात्र कोण कोणाचे जुळे, हा तपशील मिळवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.