व्हिडिओ आणि एआयच्या मदतीने प्रशिक्षकाने स्वतःचे सत्र कसे तपासावे

सरावात आपण काय बोललो, कोणाशी किती वेळ बोललो, हे प्रशिक्षकाला नीट आठवते असा समज आहे. पण तो फारसा टिकत नाही. फ्रँक्स आणि मिलर यांच्या १९८६ मधील अभ्यासात नवख्या प्रशिक्षकांना फुटबॉल सामन्यातील निम्म्याहून कमी महत्त्वाच्या घटना अचूक आठवल्या होत्या. बाहेर बसून सामना पाहणाऱ्यांची ही स्थिती असेल, तर शिट्टी वाजवत, ओरडत मैदानभर फिरणाऱ्याने स्वतःच्या आठवणीवर किती विसंबावे?

प्रथम एकच प्रश्न ठरवावा, आणि तो मोजता येण्याजोगा असावा. ‘माझा संवाद चांगला आहे का’ हा प्रश्न उपयोगाचा नाही; ‘प्रश्न विचारल्यावर खेळाडूला उत्तरासाठी मी किती वेळ देतो’ हा आहे. वर्गातील अध्यापनाचा अभ्यास करणाऱ्या मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात असे आढळले होते की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि ही उसंत तीन सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येतात.

चित्रीकरणापूर्वी खेळाडूंची आणि ते अल्पवयीन असल्यास पालकांची लेखी संमती घ्यावी. चित्रफीत कुठे ठेवली जाईल, कोण पाहील आणि कधी पुसली जाईल, हे त्यातच लिहावे.

कॅमेरा ट्रायपॉडवर, शक्य तितक्या उंचावर ठेवून चौकट रुंद घ्यावी, म्हणजे प्रशिक्षक आणि खेळाडू दोघेही दिसतील. कॅमेऱ्यापेक्षाही कॉलर माइककडे अधिक लक्ष द्यावे, कारण एआयला प्रामुख्याने शब्दांवर काम करायचे असते. वाऱ्याचा आवाज अडवण्यासाठी माइकवर फोमचे टोपण लावावे. पहिल्या एक-दोन सत्रांत सगळेच कॅमेऱ्यासाठी वागतात, प्रशिक्षक तर सर्वांत जास्त, म्हणून ती सत्रे विश्लेषणासाठी धरू नयेत.

सत्र संपल्यावर, चित्रफीत पाहण्याआधी, ठरवलेल्या प्रश्नाचे आपल्या अंदाजाने येणारे उत्तर वहीत लिहून ठेवावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तिथेच निम्मे काम वाया जाते. कारण शिकायचे असते ते अंदाज आणि वस्तुस्थिती यांतील अंतरातून.

त्यानंतर ध्वनीचे वेळेच्या नोंदींसह शब्दांकन करून घ्यावे. ओपनएआयने २०२२ मध्ये खुले केलेले व्हिस्पर हे बोलणे शब्दांत उतरवणारे एआय प्रारूप मराठीही ओळखते. मात्र गोंगाटात असे प्रारूप शब्द चुकवते, नावे बिघडवते आणि शांततेच्या जागी कधीकधी कोणी न उच्चारलेली वाक्येही घालते. त्यामुळे निदान पाच-सहा ठिकाणी शब्दांकन मूळ चित्रफितीशी ताडून पाहावे आणि पुढे पाठवण्यापूर्वी नावांऐवजी क्रमांक घालावेत.

आता हे शब्दांकन संवादी एआयला देऊन काम सांगावे, पण निकाल मागू नये. ‘मी कसा शिकवतो’ असे विचारल्यास ही प्रारूपे बहुधा गोडच बोलतात. त्याऐवजी असे लिहावे: ‘माझ्या प्रत्येक प्रश्नाची वेळ, त्याचे शब्द आणि मी पुन्हा बोलेपर्यंत गेलेले सेकंद यांचा तक्ता कर; मूल्यमापन करू नको; खात्री नसेल तिथे तसे नमूद कर.’

आकडा स्वतः निकाल देत नाही, हेही ध्यानात ठेवावे. गॅलिमोर आणि थार्प यांनी बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या सरावात बसून २,३२६ कृतींची हाताने नोंद केली आणि १९७६ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांत कौतुकाचे प्रमाण जेमतेम ७ टक्के होते, आणि तरीही वुडन यांच्या संघाने दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती. कौतुक कमी असल्याचा तक्ता पाहून लगेच ‘शाब्बास’ वाढवण्याचे म्हणूनच कारण नाही.

तक्त्यातून दोन-तीन जागा निवडून त्या चित्रफितीत पाहाव्यात. समजा, १२:०८ ला प्रशिक्षक विचारतो, ‘वजन कुठल्या पायावर होतं?’ आणि १२:०९ ला स्वतःच म्हणतो, ‘मागच्या, बरोबर? पुढे घे.’ तक्त्यात इथे एक सेकंद दिसतो. चित्रफितीत दिसते ते असे की मुलगी पायाकडे पाहते, ओठ उघडते, मिटते आणि मान डोलावते.

मग पुढच्या सत्रासाठी एकच बदल ठरवावा. उदाहरणार्थ, प्रश्नानंतर मनात तीन अंक मोजणे. तोच व्यायाम, तीच कॅमेऱ्याची जागा आणि तोच प्रश्न ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा चित्रीकरण करावे, दोन्ही तक्ते शेजारी ठेवावेत आणि एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला त्यातील दोन मिनिटांचा तुकडा दाखवून त्याला काय दिसते ते विचारावे. दाखवण्यापूर्वी संमतीपत्रात सहकाऱ्याचा उल्लेख आहे ना, हे मात्र पाहावे. संमतीपत्रात लिहिलेल्या तारखेला मूळ चित्रफीत आणि तिच्या सर्व प्रती पुसून टाकाव्यात.