नवं सील टाकूनही शॉकअप गळतो? या चुका टाळा

जुन्या गाडीचा पुढचा शॉकअप गळायला लागला की सील बदललं जातं. दीड-दोन महिन्यांत पाइपवर पुन्हा तेलाचं कडं दिसतं, मग पुन्हा सील. आरएक्स १००, सीडी १००, स्प्लेंडर, जुनी पल्सर, बुलेट अशा गाड्यांत सील बहुधा दुसऱ्या कशाचा तरी बळी असतं: गंजलेला किंवा वाकलेला पाइप (वरची क्रोमची नळी), आतून झिजलेलं बॉटम (पाइप ज्यात सरकतो तो खालचा ॲल्युमिनियमचा भाग), नाहीतर ओढून आवळलेला एक्सल (चाकाचा दांडा). आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. तिचे मूळ पाइप आजवर टिकले असतील, तर त्यांनी पंचवीसहून जास्त पावसाळे अंगावर घेतले आहेत.

खोलण्याआधी नीट बघा

तेल नेमकं कुठून येतंय हे न बघता शॉकअप उतरवणं ही पहिली चूक. पाइपवर कडं उमटत असेल तर गळती सीलमधून आहे. पाइप कोरडा आणि तेल एक्सलजवळ साचत असेल, तर बॉटमच्या तळाशी असलेल्या ॲलन बोल्टचा (षटकोनी खाचेच्या बोल्टचा) वॉशर गेलेला असतो. तिथे सील बदलून काहीच होणार नाही.

चिखलाच्या रस्त्यावरून आल्यानंतर अचानक गळती सुरू झाली असेल तर आधी डस्ट सील (धूळ अडवणारं वरचं रबर) वर सरकवा. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापा, तिच्या टोकाला छोटा आकडा ठेवा आणि सीलच्या ओठाखालून ती गोल फिरवून काढा. ओठात अडकलेला वाळूचा कण निघाला की बऱ्याचदा गळती तिथेच थांबते.

ब्रेक मारल्यावर समोरून ‘टक’ असा आवाज येतो तेव्हा अनेकजण थेट शॉकअपवर जातात. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा. दोन्ही बॉटम हातात धरून मागे-पुढे हलवा आणि दुसऱ्या माणसाला खालच्या ‘टी’पाशी (दोन्ही पाइप धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्टीपाशी) बोट ठेवायला सांगा. खेळ तिथे जाणवला तर दोष कोनसेटचा (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा). पाइप बॉटममध्ये शिरतो तिथे जाणवला तर बुश (पाइपला आधार देणारी आतली कडी) किंवा बॉटम झिजलंय. हँडल सरळ रेषेत आलं की खाचेत बसल्यासारखं अडकत असेल, तर कोनसेटच्या वाट्यांना खड्डे पडलेत. शॉकअप उतरलेला असतानाच कोनसेट बदलून घ्या, नाहीतर हेच काम दोनदा होईल.

खोलताना क्रम चुकला की अर्धा दिवस जातो

शॉकअप गाडीवरून काढून मग वरची टोपी सोडवायला बसणं हे सगळ्यात जास्त वेळ खाणारं प्रकरण आहे. पाइप धरायला जागा नसते, मग कोणीतरी तो व्हाइसमध्ये आवळतो आणि क्रोमवर दातांचे ठसे उमटतात. योग्य क्रम असा: आधी वरच्या टीचा बोल्ट ढिला करा, खालची टी घट्टच राहू द्या. आता टोपी अर्धा आटा सोडवा. लगेच तळाचा ॲलन बोल्टही थोडा ढिला करा. स्प्रिंगचा दाब असतो तोवर आतला डॅम्पर रॉड (तेलाला अडवणारी भोकांची नळी) जागेवर धरलेला असतो. स्प्रिंग काढल्यावर तोच रॉड बोल्टसोबत गरागरा फिरू लागतो. तसं झालंच, तर लाकडी दांड्याचं टोक निमुळतं करून वरून रॉडमध्ये ठोकून धरा, किंवा इम्पॅक्ट गन लावा.

टोपी पूर्ण सोडवताना तोंड तिच्यावर धरू नका. खाली दाबलेली स्प्रिंग आहे. काही जुन्या यामाहांत बोल्टऐवजी दाबून बसवलेली थाळी आणि तारेची रिंग असते. तिथे एकाने थाळी दाबायची आणि दुसऱ्याने रिंग काढायची.

जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटताना बॉटमच्या कडेला ॲल्युमिनियमवर चरा पडतो, आणि पुढे नव्या सीलच्या बाहेरच्या बाजूने तेल झिरपतं. स्क्रूड्रायव्हरखाली चामड्याचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवा. त्याआधी तारेचं लॉक काढायला विसरू नका. ते गंजून सीलशी एकरंग झालेलं असतं आणि दिसत नाही.

पाइप: खरा आरोपी

इथे वेळ द्या. पाइप रॉकेलने स्वच्छ पुसा आणि नखाचं टोक वरपासून खालपर्यंत फिरवा. नख अडकेल तिथे खड्डा आहे. तो सीलच्या फिरण्याच्या पट्ट्यात आहे की बाहेर, यावर सगळं ठरतं. दोन टींच्या मधला गंज दिसायला वाईट, पण गळतीशी त्याचा संबंध नाही. बॉटमच्या तोंडापासून वर दहा-बारा सेंटीमीटरांत असलेला टाचणीच्या डोक्याएवढा खड्डाही रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्यागणिक सीलचा ओठ कापत राहतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांत हा गंज लवकर येतो. पाइपवर रबरी बूट किंवा पत्र्याचं कव्हर असेल तर आत पाणी साचून गंज वाढतो आणि दिसतही नाही. बुलेटचं कव्हर काढल्याशिवाय पाइप ‘चांगला आहे’ असं म्हणू नका.

एखाद-दुसरा बारीक खड्डा असेल तर १००० किंवा १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची उचललेली कड बसवा, खड्ड्यात इपॉक्सी भरा, सुकल्यावर पुन्हा घासून पातळीवर आणा. घासताना पेपर पाइपभोवती गोल फिरवा. वर-खाली घासलं की उभे चरे पडतात आणि तेल त्या चऱ्यांच्या वाटेने ओठाखालून बाहेर येतं. खड्डे जास्त असतील तर दोन मार्ग उरतात: नवा पाइप, किंवा हार्ड क्रोम करून मूळ मापाला ग्राइंड केलेला जुना पाइप. साधं चकचकीत निकेल-क्रोम प्लेटिंग, जे हँडलला करतात, ते इथे चालत नाही. ते पातळ असतं आणि घर्षणाने सोलतं.

वाक तपासायला पाइप दोन व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून मधोमध डायल गेज (काट्याचं मापक) लावा आणि पाइप फिरवा. गेजच्या काट्याची एकूण हालचाल ही प्रत्यक्ष वाकाच्या दुप्पट असते, त्यामुळे आकडा अर्धा करून वाचा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.२ मिमी दिलेली असते. गेज नसेल तर जाड काचेवर पाइप लोळवा, खालून उजेड उघड-झाक होत असेल तर वाक आहे. प्रेसवर सरळ करून मिळतो, पण फक्त हलका वाक असेल तेव्हाच. जिथे क्रोमला तडा किंवा पाइपला घडी दिसते, तो पाइप भंगारात टाका.

बऱ्याच जुन्या लहान गाड्यांत बॉटमला वेगळा बुश नसतो, पाइप थेट ॲल्युमिनियममध्ये सरकतो. ते भोक झिजलं की पाइप डगडगतो आणि कितीही भारी सील आणलं तरी ओठ एका बाजूला दबतो, दुसरीकडे उघडतो. अशा वेळी बॉटमच बदलावं लागतं.

सील बसवणं

सीलवर ३१×४३×१०.५ असे तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. गाडीचं नाव सांगून सील घेण्यापेक्षा पाइप आणि बॉटमची जागा व्हर्नियरने मोजून जा, कारण जुन्या गाड्यांत कोणी मधेच दुसऱ्या मॉडेलचा पाइप टाकलेला असू शकतो.

बारीक स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे खाली. आकडे छापलेली बाजू वर. पाइपच्या वरच्या कडेवर पातळ पिशवी ताणून तेल लावा आणि तिच्यावरून सील सरकवा, म्हणजे ओठ कापला जाणार नाही. बसवायला योग्य मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि मध्ये जुनं सील उलटं ठेवा. छिन्नीने एकेका बाजूला ठोकलं की सील तिरकं बसतं. लॉकची खाच पूर्ण गोलात दिसेपर्यंत ठोका. तळाच्या ॲलन बोल्टला नवा वॉशर आणि थ्रेडलॉक (आटे पकडून ठेवणारा द्रव) लावा, आवळणी साधारण २० न्यूटन-मीटर.

तेल: जास्त म्हणजे चांगलं नव्हे

इंजिनाचं २०डब्ल्यू४० उरलंय म्हणून तेच ओतणं सर्रास चालतं. डॅम्पर रॉडच्या भोकांतून तेल जितक्या वेगाने ढकलावं लागतं तितका विरोध झपाट्याने वाढतो. घट्ट तेलात तीक्ष्ण खड्ड्यावर शॉकअप दबतच नाही आणि धक्का थेट मनगटात येतो. बहुतेक जुन्या गाड्यांना १०डब्ल्यू फोर्क ऑइल पुरतं. एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या १०डब्ल्यूसारखं असेलच असं नाही, म्हणून डब्यावर ४० अंशांना सेंटीस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं माप) किती हे बघा. तीसच्या आसपासचं तेल लहान गाड्यांना बरं बसतं.

मॅन्युअलमध्ये दोन आकडे असू शकतात: नुसतं तेल बदलताना कमी, पूर्ण खोलून धुतल्यावर थोडं जास्त, कारण नुसतं बदलताना काही जुनं तेल आतच चिकटून राहतं. १०० ते १५० सीसीच्या जुन्या गाड्यांत एका पायाला (एका बाजूच्या शॉकअपला) साधारण दीडशे ते दोनशे मिली लागतं. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा शोधाच, कारण पाइपचं आतलं भोक २५ मिमी असेल तर फक्त १० मिली जास्त गेल्याने पातळी २० मिमी वर चढते. वरची हवेची जागा कमी झाली की शेवटच्या इंचात दाब वाढतो आणि नवं सील बाहेर ढकललं जातं. स्प्रिंग न टाकता पाइप आठ-दहा वेळा वर-खाली करून हवा काढा, मग पाइप पूर्ण खाली दाबून वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. दोन्ही पायांत ते सारखं हवं.

स्प्रिंग आणि ‘अपग्रेड’

समोरून गाडी बसते म्हणून स्प्रिंगवर वॉशर चढवतात. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडीचं तोंड उंचावतं. आधी स्प्रिंगची मोकळी लांबी मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. मग पाइपवर झिप टाय बांधा आणि शॉकअप पूर्ण उघडा असताना तो डस्ट सीलला टेकवा. गाडीवर अलगद बसून उतरा, टाय किती सरकला ते बघा. एकूण प्रवास १२० मिमी असेल तर ३० ते ४० मिमी बसणं ठीक. जाड स्पेसर टाकून वेटोळे एकमेकांना टेकले, तर शॉकअप मध्येच थटतो.

मोठ्या गाडीचा जाड शॉकअप लावायचा मोह अनेकांना होतो. टीची लांबी, कोनसेटचं माप, एक्सलचा व्यास, कॅलिपरची जागा, मीटरचा गिअर, सगळंच बदलतं. पायांची लांबी वेगळी असली की तोंडाचा कोन बदलतो आणि हँडल हलकं किंवा जड होतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधन आहे, हेही आधी वाचा. नवा पाइप, योग्य तेल आणि नवी स्प्रिंग एवढ्यानेच बहुतेकांची तक्रार मिटते, आणि खर्चही कमी.

परत जोडताना

दोन्ही पाइप वरच्या टीपासून सारख्या उंचीवर आहेत का ते मोजा. एक्सल हाताने सरकन आरपार जायला हवा, हातोडी लागली तर काहीतरी वाकडं आहे. एक्सलचा नट आवळा, पण पिंच बोल्ट (बॉटममध्ये एक्सल चिमटून धरणारा) आणि मडगार्डचे बोल्ट ढिले ठेवा. गाडी खाली उतरवून पुढचा ब्रेक धरा आणि समोरचा भाग चार-पाच वेळा जोरात दाबा, पाय आपापल्या जागी बसतात. मग बाकीचे आवळा. ही एक पायरी गाळली की दोन्ही पाय एकमेकांना ओढत राहतात, शॉकअप अडखळत परततो आणि सील एका बाजूने झिजतं.

गळलेलं तेल ब्रेकवर गेलं असेल तर डिस्क ‘ब्रेक क्लीनर’ने धुवा, तेल प्यायलेले पॅड किंवा ड्रमचे लायनर मात्र फेकूनच द्या. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर टीचे आणि एक्सलचे बोल्ट पुन्हा तपासा आणि पाइपवर पांढरा कागद फिरवून बघा. पहिल्या एक-दोन दिवसांतला हलका पुसट डाग बसवताना लावलेल्या तेलाचा असतो. तो पुसून टाका, आठवड्याने कागद पुन्हा फिरवा.