कामावर परतल्यावर अंगावरचं दूध चालू ठेवताय? या चुका टाळा

‘कामावर रुजू झाले आणि महिनाभरात दूध आटलं,’ हे इतक्या जणी सांगतात की नोकरी सुरू झाली म्हणजे दूध संपणारच, असं बाकीच्याही धरून चालतात. तसं काही ठरलेलं नसतं. बहुतेक वेळा दूध काढायच्या वेळा एकेक करून सुटत जातात आणि मग दूध कमी होतं. स्तन भरलेला राहिला की दूध तयार होण्याचा वेग मंदावतो, रिकामा झाला की वाढतो. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ इथेच आहे.

रजेतच फ्रीझर भरायला घेणं

रजेचे शेवटचे आठवडे दूध काढायच्या पंपाला जुंपून घालवू नका. सुरुवातीला लागतं ते पहिल्या दिवसाचं दूध आणि हाताशी एखाद्या दिवसाचं जास्तीचं. दुसऱ्या दिवसाचं दूध तुम्ही पहिल्या दिवशी कामावर काढणारच आहात.

हिशोब सोपा आहे. 1 ते 6 महिन्यांचं बाळ 24 तासांत सरासरी 750 मिलीच्या आसपास दूध पितं, म्हणजे तासाला साधारण 30 मिली. काही बाळं बरीच कमी पितात, काही बरीच जास्त. तुम्ही 9 तास बाहेर असाल तर 270 ते 300 मिली, आणि निर्धास्त राहायला थोडं वर. या वयात बाळाची दुधाची गरज दर महिन्याला वाढत जात नाही, त्यामुळे हा आकडा बराच काळ टिकतो. कामावर जायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून दिवसातून एकदा, सकाळी बाळ पिऊन झाल्यावर थोड्या वेळानं काढलंत तरी एवढं सहज जमतं. त्याहून जास्त काढत राहिलात तर शरीर जुळं असल्यासारखं दूध बनवू लागतं आणि गाठी, ठणका मागे लागतो.

‘आत्ता मीटिंग आहे, नंतर काढू’

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. छाती जड झाल्यावर उठायचं असं ठरवलंत तर उशीर झालेला असतो, कारण तोवर दूध बनणं मंदावलेलं असतं. बाळ ज्या वेळी प्यायलं असतं साधारण त्या वेळी, म्हणजे दर तीन तासांनी काढा. पूर्ण वेळ मिळत नसेल तर दहाच मिनिटं काढा, पण ती वेळ चुकवू नका.

जागा आणि वेळ यांबद्दल कामाच्या ठिकाणी रुजू होण्याआधीच बोलून घ्या. आतून कडी लागणारी खोली, बसायला खुर्ची, विजेचा पॉइंट, एवढं स्पष्ट मागा. स्वच्छतागृहात उभं राहून दूध काढायची वेळ कोणावरही येऊ नये. ते बाळाचं अन्न आहे, ते मागताना संकोच कशाला?

बाटलीवरच्या रेघांवरून दुधाचा अंदाज बांधणं

पंपात 60 मिलीच आलं म्हणजे तुम्हाला तेवढंच दूध आहे, असं नाही. नीट पिणारं बाळ बहुधा पंपापेक्षा जास्त दूध ओढून घेतं. शिवाय बऱ्याच जणींना सकाळी भरपूर येतं आणि संध्याकाळकडे कमी. बाळाचं वजन वाढतंय आणि दिवसातून सहा किंवा जास्त वेळा शू होतेय, तर दूध पुरतं आहे.

पंपातून अचानक कमी येऊ लागलं तर आधी पंप तपासा. आतला रबरी व्हॉल्व्ह किंवा पातळ पडदा सैल झाला, चिरला की ओढ कमी होते, आणि तो दोष आई स्वतःच्या माथी घेते. हे भाग झिजतात, ते अधूनमधून बदलावेच लागतात. मग स्तनावर लावायचं फनेल बघा. बोंड त्यात मोकळं मागेपुढे व्हायला हवं. कडांना घासत असेल तर माप लहान आहे, भोवतीचा काळसर भागही बराच आत ओढला जात असेल तर मोठं. पंपासोबत आलेलं माप प्रत्येकीला बसतंच असं नाही. ओढ जितकी जास्त तितकं दूध जास्त, हाही गैरसमजच. दुखायला लागलं की पान्हा अडतो. सोसवेल तेवढ्यावरच ठेवा.

पान्ह्याचं काम ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर चालतं, आणि ताण, घाई, कोणी दार ठोठावेल ही धास्ती यांनी ते दबतं. काढण्याआधी स्तनांना हलका मसाज करा, खांदे सैल सोडा, बाळाचा फोटो किंवा व्हिडिओ बघा, त्याचं अंगडं जवळ ठेवा. बाटलीकडे टक लावून बसू नका, हवं तर तिच्यावर मोजा चढवा. पंप चालू असताना हातानं स्तन हलकेच दाबत राहिलात आणि शेवटी एक-दोन मिनिटं हातानं काढलंत तर चांगला फरक पडतो. अंगठा आणि तर्जनी बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे. त्वचेवर बोटं घासत पुढे आणू नका. पंप बिघडला किंवा वीज गेली, तरी हे कौशल्य कायम हाताशी राहतं.

घरी बाटली घटाघट संपवणं

‘तू ठेवलेलं पुरलंच नाही,’ असं सांभाळणारी व्यक्ती म्हणाली की आई खचते. पण आडव्या बाळाच्या तोंडात उभी धरलेली बाटली आपोआप ओतत राहते आणि पोट भरल्याचं कळायच्या आत बाळ जास्त पिऊन बसतं. बाळाला बसतं धरावं, बाटली जवळजवळ आडवी ठेवावी, मधे मधे थांबावं. दूध 60 ते 90 मिली असं थोडं थोडं वेगवेगळं भरून ठेवा म्हणजे उरलेलं वायाही जात नाही. बाळ बाटली धरतच नसेल तर वाटी-चमचा किंवा छोटा कप चालतो. ही सवय रुजू व्हायच्या आधीच, शक्यतो दुसऱ्या कोणाच्या हातून लावा.

काही बाळं दिवसा जेमतेम पितात आणि रात्री वसूल करतात. थकायला होतं खरं, पण त्यानं दूध टिकतं. घरी असताना आणि सुट्टीच्या दिवशी पंप बाजूला ठेवून अंगावरच पाजा.

साठवणुकीतल्या चुका

ताजं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रीजमध्ये 4 दिवस आणि फ्रीझरमध्ये 6 महिने चांगलं राहतं. खोली तापलेली असेल तर 4 तासांची वाट बघू नका. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड बॅगेत ते 24 तास टिकतं. फ्रीजच्या दारात ठेवू नका, आत मागे ठेवा. फ्रीजमध्ये वितळवलेलं दूध पूर्ण वितळल्यापासून 24 तासांत वापरा, पुन्हा गोठवू नका. बाळानं तोंड लावलेलं 2 तासांनंतर टाकून द्या. मायक्रोवेव्हमध्ये दूध कुठे कोमट तर कुठे चटका देणारं होतं, म्हणून बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. वर साय धरली, रंग निळसर दिसला तर ते खराब झालेलं नसतं, हलकं गोल फिरवून घ्या.

गोठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो म्हणून कित्येक जणी सगळा साठा ओतून देतात. तो लायपेज या दुधातल्याच घटकाचा परिणाम असतो, आणि बाळ पीत असेल तर ते द्यायला हरकत नाही. नकार देत असेल तर पुढचं दूध काढल्यावर लगेच, उकळू न देता, कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, झटकन थंड करा आणि मग गोठवा.

औषधं आणि गाठी

सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन आणि काही गर्भनिरोधक गोळ्यांतलं इस्ट्रोजेन यांनी दूध कमी होऊ शकतं. गोळी घेण्याआधी पाजत असल्याचं डॉक्टरांना सांगा. गाठ झाली तर ती जोरजोरात चोळू नका, त्यानं सूज वाढते. थंड शेक द्या, नेहमीसारखं पाजत राहा. ताप, थंडी आणि लाल दुखरा चट्टा दिसला आणि दिवसभरात उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जा. बहुतेक अँटिबायोटिक्स चालू असतानाही पाजता येतं.

एका दिवसात पंप बंद करणं

वर्षाच्या पुढे बाळ नीट जेवू लागलं की कामावर दूध काढायची गरज उरतेच असं नाही. पण सगळ्या वेळा एकदम तोडल्यात तर छाती दगडासारखी होईल. आधी एकच वेळ कमी करा, चार-पाच दिवस जाऊ द्या, मग दुसरी. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री अंगावर पाजणं त्यानंतरही हवं तितकं चालू ठेवता येतं. दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.