यूएमएलच्या ओसीएल रूलमधली चूक कशी पकडायची

यूएमएल ही सॉफ्टवेअरची रचना मॉडेलमध्ये मांडायची भाषा आणि ओसीएल ही त्या मॉडेलवरचे रूल लिहायची भाषा. यूएमएलच्या स्पेकमधले (अधिकृत दस्तऐवजातले) रूल आहेत तसे टूलमध्ये टाकू नका, आधी मुद्दाम चुकीचं मॉडेल बनवून त्यावर चालवून बघा. इनहेरिटन्सचंच (एका क्लासने दुसऱ्या, म्हणजे पेरेंट क्लासचे गुण घेणं) घ्या ना, क्लास स्वतःचाच पूर्वज नको असा रूल आहे, पण तो ज्या ऑलपेरेंट्सवर (क्लासचे सगळे पूर्वज काढणारं ऑपरेशन) चालतो ते यूएमएल २.४ मध्ये सरळ रिकर्जनने (स्वतःलाच परत परत बोलावून) लिहिलंय, म्हणजे अ चा पेरेंट ब आणि ब चा पेरेंट अ असे दोनच क्लास ठेवले की ते गोल गोल फिरत बसतं आणि एरर यायच्या ऐवजी स्टॅक (अशा कॉलची मेमरी) भरतो. जी चूक पकडायची तिथेच रूल अडकतो, हे फारच वाईट आहे!

त्याऐवजी ओसीएलचं क्लोजर (एकेक पायरी पुढे जात, आधी आलेलं पुन्हा न घेता सगळं गोळा करणारं ऑपरेशन) वापरा, पण सुरुवात पेरेंट्सपासून करा, सेल्फपासून (तपासत असलेल्या क्लासपासून) नको, कारण ओसीएल २.४ मध्ये सुरुवातीचे एलिमेंटपण उत्तरात येतात, मग चांगला क्लाससुद्धा स्वतःचाच पूर्वज दिसतो आणि फेल होतो.