बेळगाव भागात इंजिनिअरिंगची पहिली नोकरी शोधताय? या चुका टाळा

‘अर्ज किती केलेस?’ असं विचारलं की आकडा पटकन येतो: दीडशे, दोनशे. ‘कुठं कुठं केलेस?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: पुणे आणि बेंगळूर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या बीई झालेल्या मुलांची पहिली चूक इथंच होते. ज्या दोन शहरांत देशभरातून अर्ज येऊन पडतात तिथं ही मुलं रांगेत उभी राहतात, आणि घरापासून दोन-अडीच तासांवरच्या कारखान्यांचं नावही त्यांना ठाऊक नसतं.

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रॉडक्शनवाल्यांनी आधी नकाशा घेऊन बसावं. शहरातच उद्यमबाग आणि मच्छे, थोडं पुढं होनगा. तिथं फौंड्री (ओतकामाचे कारखाने), मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे सुटे भाग. हायवेनं निपाणीच्या दिशेनं गेलं की हत्तरगीजवळ एरोस्पेसचं एसईझेड, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. वेंगुर्ला रोडला अर्ध्या तासावर, पण महाराष्ट्राच्या हद्दीत, शिनोळी. त्याच हायवेवर पुढं कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली. उलट्या बाजूला धारवाडचा बेलूर पट्टा. घाट उतरला की गोव्यात वेर्णा. जिल्ह्यातले साखर कारखाने तर मुलं मोजतच नाहीत. पण टर्बाइन, बॉयलर, को-जनरेशन आणि इन्स्ट्रुमेंटेशनचं काम शिकायला ती चांगली जागा आहे. गळीत हंगाम सुरू होण्याआधी, पावसाळ्यात मशिनरी उघडलेली असते, तेव्हा चौकशी करावी.

पोर्टलवर शोधताना आणखी एक गोची होते. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव, बेंगळूर, हुबळी या शहरांची इंग्रजी नावं अधिकृतपणे बदलली, पण कंपन्यांच्या जाहिरातींत जुनं आणि नवं अशी दोन्ही स्पेलिंग अजून चालतात. एकाच स्पेलिंगनं अलर्ट लावला तर दुसऱ्या स्पेलिंगच्या जागा दिसतच नाहीत. दोन्हींचे वेगवेगळे अलर्ट लावा, आणि प्रोफाइलमध्ये पसंतीची ठिकाणं लिहिताना कोल्हापूर, धारवाड आणि गोवाही टाका.

नावातला फरक शेवटी नडतो

निवड होते, ऑफर येते आणि गाडी कागदपत्रांवर अडते. कर्नाटकात शाळेच्या दाखल्यावर आणि मार्क्स कार्डवर नाव आद्याक्षरांत असतं, आडनाव कधी पुढं, कधी मागं. आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. त्यात कन्नडातून इंग्रजीत येताना ‘जाधव’चा ‘जादव’ झालेला. माणसाला हा फरक किरकोळ वाटतो, पण पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) आधारशी जोडताना संगणक तो सोडत नाही, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाला मेल करून खुलासा मागतो.

यावर उपाय निकालाच्या आधी, सातव्या-आठव्या सेमिस्टरलाच करून ठेवायचा. दहावीचं मार्क्स कार्ड मूळ धरायचं, कारण बोर्डाकडून ते बदलून घेणं सगळ्यात वेळखाऊ. त्याबरहुकूम आधी आधार, मग पॅन, मग बँक खातं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा सेवा केंद्रात घाईनं काहीतरी लिहून देऊ नका. पदवीच्या कागदावर आद्याक्षरं आणि आधारवर पूर्ण नाव एवढाच फरक असेल, तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र बहुतेक खासगी कंपन्यांना पुरतं.

टक्केवारीचं गणित

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) मुलांची ही खास चूक. सीजीपीएला (सगळ्या सेमिस्टरच्या १० पैकी सरासरी गुणांकाला) सरळ १० नं गुणून टक्के लिहितात. विद्यापीठाच्या सीबीसीएसच्या (क्रेडिट पद्धतीच्या) सुरुवातीच्या योजनांत सूत्र आहे: सीजीपीए वजा ०.७५, गुणिले १०. म्हणजे ७.२ चे ७२ टक्के होत नाहीत, ६४.५ होतात. अट ६० टक्क्यांची असेल तर किमान ६.७५ लागतात. ६.५ वाल्यानं फॉर्मवर ६५ टक्के लिहिले, तर सूत्रानं त्याचे होतात ५७.५. तो पात्रच नव्हता हे निवडीनंतर कळतं आणि ऑफर रद्द होते. खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसतो तो वेगळाच. तुमच्या योजनेचं सूत्र नियमावलीत बघून घ्या. स्वायत्त कॉलेजचं वेगळं असू शकतं. सोपा मार्ग म्हणजे फॉर्ममध्ये सोय असेल तिथं सीजीपीएच लिहावा.

बायोडेटा: एक पान, आणि त्यात आकडे

फ्रेशरला दोन पानं लागत नाहीत. ‘ऑब्जेक्टिव्ह’चा परिच्छेद, वडिलांचा व्यवसाय, छंद, खाली ‘वरील माहिती सत्य आहे’ हे सगळं काढलं की जागा आपोआप होते. ती प्रोजेक्टला द्या. ‘प्रोजेक्टमध्ये टीम मेंबर म्हणून काम केलं’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. ‘ड्रिलिंग फिक्श्चरचं डिझाइन, लोकेटिंग पिनची जागा मी ठरवली, सेटिंगचा वेळ १२ मिनिटांवरून ५ वर आला’ असं लिहिलं की त्याला विचारायला प्रश्न मिळतो आणि तुम्हाला बोलायला विषय. अर्थात आकडा तुम्ही स्वतः मोजलेला हवा. विकत आणलेलं प्रोजेक्ट तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं: हेच मटेरियल का, ही मोटर एवढ्याच एचपीची का, टॉलरन्स कुणी ठरवला? आणलंच असेल, तर निदान ते खोलून, मोजून, त्याचं ड्रॉइंग स्वतःच्या हातानं काढा.

फाइल पीडीएफ असावी आणि तिच्या नावात तुमचं नाव व शाखा असावी. ‘फायनल न्यू २’ नावाची फाइल एचआरच्या डाउनलोडमध्ये हरवते. मेलच्या विषयात पद, शाखा, पदवीचं वर्ष आणि ‘लगेच रुजू होऊ शकतो’ एवढं पुरे. आठवड्यानं एक आठवणीचा मेल जरूर करा. रोज व्हॉट्सअॅप करणाऱ्याचा नंबर मात्र ब्लॉक होतो.

उद्यमबागेतल्या, शिरोलीतल्या लहान-मध्यम कारखान्यांच्या जागा पोर्टलवर येतच नाहीत. तिथं गेटवर जावं लागतं. दहा छापील प्रती घेऊन सकाळी दहानंतर जा. शिफ्ट बदलताना गेलात तर सिक्युरिटीवाला तुमच्याकडं बघणारही नाही. त्याला दोनच गोष्टी विचारा: भरती कोण बघतं आणि साप्ताहिक सुट्टी कधी असते. औद्योगिक वसाहतीत सुट्टी सगळीकडं रविवारचीच नसते. जमलं तर एचआरऐवजी प्रॉडक्शन किंवा क्वालिटीच्या मॅनेजरांपर्यंत कागद पोचवा, कारण लहान कारखान्यात माणसाची गरज आधी त्यांना कळते.

मुलाखतीत पोरं कुठं पडतात

‘थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम’ पाठ असतो आणि हातात व्हर्नियर दिला की हात थरथरतो. कारखान्यातल्या मुलाखतीत हे हमखास होतं, कारण समोरचा माणूस शॉप फ्लोअरवरून उठून आलेला असतो. व्हर्नियरचं लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचं ०.०१. आकडा वाचायच्या आधी जबडे मिटून झिरो एरर बघायचा. तो न बघता वाचलं की समोरच्याचा निर्णय तिथंच होतो. ड्रॉइंगवर ‘२५ एच७’ लिहिलेलं असेल तर भोक २५.००० ते २५.०२१ मिमीमध्ये हवं, हे सांगता यायला हवं. फौंड्रीत जाणार असाल तर ब्लोहोल, श्रिंकेज, कोल्ड शट आणि सँड इन्क्लूजन या ओतकामातल्या दोषांतला फरक आणि प्रत्येकाचं एक तरी कारण तयार ठेवा. क्वालिटीसाठी सेव्हन क्यूसी टूल्स, कंट्रोल प्लॅन आणि एट-डी रिपोर्ट (तक्रार सोडवण्याचा आठ टप्प्यांचा अहवाल), पण एखादं उदाहरण घेऊन. नुसती पूर्ण रूपं पाठ करून आलेला लगेच ओळखू येतो.

इलेक्ट्रिकलवाल्याला ५ एचपीची थ्री-फेज मोटर फुल लोडला किती करंट घेते हे विचारतात. ४१५ व्होल्टला सुमारे ७ ते ७.५ अँपिअर. मोटर स्टार-डेल्टानं का सुरू करतात, तर सुरुवातीचा लाइन करंट डीओएलच्या (मोटर थेट लाइनवर सुरू करण्याच्या) एक तृतीयांश होतो. इथंच पुढचा प्रश्न येतो: मग टॉर्कचं काय? तोही एक तृतीयांशच, म्हणून भार लागलेल्या कन्व्हेअरला ती पद्धत बसत नाही. सिव्हिलवाल्याला सळीचं वजन: व्यासाचा वर्ग भागिले १६२. १६ मिमीची सळी मीटरला १.५८ किलो, १२ मीटरची जवळजवळ १९ किलो. साइटवर हे तोंडी लागतं. कॉम्प्युटरवाल्यांची पहिली चाळणी ऑनलाइन टेस्टची, आणि तिथं वीज किंवा नेट गेलं म्हणून कुणी पुन्हा संधी देईलच असं नाही. खेड्यात राहत असाल तर त्या दिवशी शहरात नातेवाइकांकडं जाऊन बसा.

भाषेबद्दल थोडं. दहावीपर्यंत मराठी माध्यम असलं की इंग्रजीची धास्ती असते, म्हणून उत्तर पाठ करून जातात. मधेच कुणी टोकलं की गाडी रुळावरून घसरते. छोटी, साधी वाक्यं बोला. कोल्हापूर-पुण्यात समोरचे साहेब स्वतःच मराठीवर येतात. धारवाड-हुबळीकडं कामचलाऊ कन्नड येत असेल तर बायोडेटात नक्की लिहा. सुपरवायझरला ऑपरेटरशी बोलावं लागतं, आणि मराठी-कन्नड-हिंदी तिन्ही बोलणारा इंजिनिअर या पट्ट्यात कामाचा असतो. आपल्याकडची बरीच मुलं ही जमेची बाजू लिहायलाच विसरतात.

अॅप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे, पण वायाही नव्हे

ग्रॅज्युएट अॅप्रेंटिसशिप एक वर्षाची असते, अॅप्रेंटिसेस अॅक्ट १९६१ खाली. पदवीनंतर पाच वर्षांच्या आत करता येते आणि नोंदणी नॅट्सच्या (केंद्राच्या राष्ट्रीय अॅप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेच्या) पोर्टलवर होते. सीमाभागाची गंमत अशी की उद्यमबागेतला कारखाना चेन्नईच्या अॅप्रेंटिस प्रशिक्षण बोर्डाखाली येतो आणि अर्ध्या तासावरचा शिनोळीतला मुंबईच्या. तक्रार किंवा प्रमाणपत्राचं काम निघालं तर भलत्याच कार्यालयाला मेल करून महिना घालवू नका. वर्ष संपल्यावर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं, हे आधीच धरून चला. आणखी एक: ‘अॅप्रेंटिस’ म्हणून घेतलं पण पोर्टलवर करारच नाही, असं असेल तर ते या कायद्याखालचं प्रशिक्षण नव्हे, नुसती स्वस्तातली मजुरी आहे.

पैसे मागणारे

नोकरीसाठी डिपॉझिट, लॅपटॉपचं शुल्क, मेडिकलचं शुल्क, ‘ट्रेनिंगनंतर परत मिळतील’ अशी रक्कम यांतलं काहीही मागितलं की संपलं. खऱ्या कंपनीचा मेल कंपनीच्याच डोमेनवरून येतो. कंपनी नोंदलेली आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर फुकट बघता येतं. शंभर टक्के प्लेसमेंटची हमी देणाऱ्या क्लासलाही मागच्या बॅचची नावं आणि कंपन्या विचारा. उत्तर गोलमोल आलं तर उठून या. एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) कोर्स फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षेचे.

बाँड असेल तर रक्कम, मुदत आणि सुरुवातीची तारीख वाचूनच सही करा. मूळ मार्क्स कार्ड मात्र कुणाकडंही ठेवून घेऊ देऊ नका. दाखवायचं, झेरॉक्स द्यायची, मूळ परत घ्यायचं.

तीन लाखांचे किती हातात येतात

वर्षाचं पॅकेज ३ लाख म्हटलं की घरी २५,००० धरले जातात आणि त्यावर रूमचं भाडं ठरतं. बेसिक निम्मं, म्हणजे १२,५०० धरा. कंपनीचा पीएफ १२ टक्के, १,५००, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, सुमारे ६००. हे दोन्ही बऱ्याचदा पॅकेजमध्येच मोजलेले असतात. उरले २२,९००. तुमचा पीएफ १,५०० गेला की सुमारे २१,४००. महाराष्ट्रात नोकरी असेल तर प्रोफेशनल टॅक्सचे आणखी २०० जातात (तिथं महिलांना २५,००० पर्यंत माफी आहे). पॅकेजमध्ये व्हेरिएबल पे (कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग) धरला असेल तर हातात याहूनही कमी. म्हणून ऑफर आली की ‘हातात किती?’ हा प्रश्न न लाजता विचारावा, आणि शिफ्ट, कँटीन, बस यांचंही त्याच फोनवर विचारून घ्यावं.

सरकारी परीक्षांचं थोडक्यात: कर्नाटकातल्या पदांसाठी जाहिरातीत कन्नड भाषेच्या परीक्षेची अट असते, ती आधी वाचा. महाराष्ट्र शासन दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना अर्जाची मुभा देतं, पण १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. कर्नाटकातलं २ए, ३बी या मागास प्रवर्गांचं प्रमाणपत्र महाराष्ट्रात चालत नाही, आणि केंद्राच्या ओबीसीची यादीही वेगळी आहे. गेट या इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तेव्हा पीएसयूचा (सरकारी कंपन्यांचा) विचार असेल तर नोकरी करता करताही परीक्षा देता येते.

रुजू होताना नेमणूकपत्रावर कुणाचं लेटरहेड आहे ते बघा. मुलाखत मोठ्या कंपनीत झाली आणि पत्र मात्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराचं आलं, तर तुम्ही कंत्राटदाराच्या रोलवर आहात. ते वाईटच असतं असं नाही, पण पुढच्या बायोडेटात कुणाचं नाव लिहायचं हे त्यावर ठरतं. दुसरा-तिसरा पगार झाला की ईपीएफओचं पासबुक उघडून मालकाच्या जागी कुणाचं नाव आहे आणि पैसे खरंच भरले का, ते तपासा. पगाराच्या स्लिपा पहिल्या महिन्यापासून मेलवर साठवून ठेवा; पुढची कंपनी शेवटच्या तीन मागतेच.